मोफत मुखतपासणी: तपासणी बरी, रांग चुकीची

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये तिशीपुढच्या माणसाचं तोंड फुकट तपासून मिळतं. हीच तपासणी अधूनमधून गावोगावी शिबिरातही होते. तपासणीच्या दर्जाला आम्ही पाचपैकी साडेतीन गुण देऊ. ती योग्य माणसापर्यंत पोचते का, याला मात्र दीडच्या वर देता येत नाहीत. तोंडाचा कर्करोग कुणाला होतो आणि शिबिराच्या रांगेत कोण उभं असतं, हे ताडून पाहिलं की हा दीड गुण का, ते कळतं.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे जवळपास १ लाख ४४ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ८० हजार माणसं त्यानं दगावली. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतातले. दर चार रुग्णांत तीन पुरुष, आणि भारतीय पुरुषांच्या कर्करोगांत पहिला नंबर याचाच. देशाची सरासरी धरली तर तीन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला तीसेक नवे रुग्ण निघायला हवेत. घसा आणि स्वरयंत्राचे त्यात धरलेले नाहीत.

या रोगाचं कारण आपल्याकडे खिशात असतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जेमतेम ३.८ टक्के प्रौढ ओढणारे निघाले, तर चघळणारे-लावणारे २४.४ टक्के: पुरुषांत ३१.७, बायकांत १६.६. म्हणून आपल्याकडचा रोग बहुतेक गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खाचेत सुरू होतो, जिथं चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार तासन्‌तास दाबलेला असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठं मिळतात ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. नुसती सुपारीही निर्धोक नाही, तिच्यात तंबाखू नसली तरी कर्करोग होतो. वर दारूची जोड असेल, मग ती देशी असो की मोहाची, तर धोका बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. अमेरिकेत घशाच्या मागच्या भागाचे बरेच कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतात. आपल्याकडे त्याचा वाटा कमी. तरी कधी कसलंच व्यसन नसलेल्या तरुणाच्या जिभेवरही रोग निघतो, तेव्हा ‘तंबाखू खात नाही ना, मग जा घरी’ हे बरोबर नाही.

आता रांगेकडे. शिबिराची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वेळी मजूर शेतात असतो. रावेर-यावलकडे केळीची गाडी भरणारा बागेत, जिनिंगचा कामगार पाळीवर, ड्रायव्हर रस्त्यावर. समोर येतात त्या आजीबाई, अंगणवाडीच्या ताई आणि मास्तरांनी आणलेली शाळेची मुलं. आजीबाईंना तपासायलाच हवं, कारण मशेरी आणि तपकीर लावणाऱ्या त्याच. पण पस्तिशी ते साठीतला, रोज पाच-सहा बार भरणारा पुरुष रांगेत नसेल तर दिवसभरात शंभर तोंडं पाहूनही हाती फार काही लागत नाही. हीच टीम आठवडे बाजारात दुपारनंतर, बाजार समितीच्या आवारात किंवा जिनिंगची पाळी सुटताना बसली तर चित्र बदलेल. त्याला जास्त पैसे लागत नाहीत, वेळापत्रक बदलावं लागतं.

आशाताई घरोघरी सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका मोजणारी प्रश्नावली) भरतात तो मात्र कामाचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घराण्यातला आजार यांचे गुण मांडतात. चारच्या वर गेले की माणसाला आधी बोलवायचं. तोंड उघडायला त्रास, दोन आठवडे न भरलेली जखम, आवाजात बदल हे प्रश्नही त्यात आहेत. अडचण एवढीच की पुरुष घरी नसला की त्याचा फॉर्म बायको सांगते आणि तंबाखूच्या रकान्यात ‘कधीमधी’ लिहिलं जातं.

प्रत्यक्ष तपासणी नीट केली तर पाच मिनिटांची आहे. आधी चूळ, कवळी असेल तर बाहेर. चांगला प्रकाश. ओठ आतून पालथे करून पाहायचे, दोन्ही गाल लाकडी पट्टीनं ओढून खाचेच्या तळापर्यंत नजर न्यायची, वर-खाली हिरड्या, मग जिभेचं टोक गॉजमध्ये धरून दोन्ही कडा अगदी मागपर्यंत, जिभेखालचा तळ, टाळू. हातमोजा घालून बोट फिरवायचं, कारण कडकपणा डोळ्यांना दिसत नाही. शेवटी मानेच्या गाठी. घाईच्या शिबिरात ‘आ करा’ म्हणून बॅटरी मारतात आणि पुढचा नंबर. त्यात नेमकी गालाची खाच आणि जिभेची मागची कड सुटते. आपली कुणी अशी तपासणी केली तर ‘जीभ धरून बघा’ असं बिनधास्त सांगावं.

पांढरा चट्टा पुसून जात नसेल तर लिहून घ्यायला हवा. लाल चट्टा दिसला तर त्याहून जास्त घाई, त्यात कर्करोग असण्याची शक्यता कितीतरी अधिक. चांगली ताई एक प्रश्न हमखास विचारते: “बाबा, तोंडमा मिरची झोंबस का?” शेवभाजीचा रस्सा जिभेला लागताच आग होते, मग महिन्यागणिक तोंड कमी उघडू लागतं, हा सुपारीनं गाल आतून आवळत चालल्याचा प्रकार. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमधून आत जात नसतील तर दाखवून घ्यावं. आवळलेला गाल पूर्ववत होत नाही, सुपारी सोडली तर पुढचं आवळणं रोखता येतं.

या तपासणीला एक मर्यादा जन्मतःच आहे. घशाचा खालचा भाग आणि स्वरयंत्र बॅटरीनं दिसत नाही. तीन आठवडे बसलेला आवाज, एकाच कानात ठणका, गिळताना अडकणं, मानेत न दुखणारी गाठ असेल तर शिबिराची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीची तपासणी करावी.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती संशय आल्यानंतर. चिठ्ठी मिळते, माणूस मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणि जेल घेतो, दोन महिने जातात. टोकदार दातामुळे जखम वाटत असेल तर दंतवैद्याकडून ते टोक घासून घेऊन दोन आठवडे थांबणं ठीक. त्यानंतरही जखम तशीच असेल तर तुकडा तपासायलाच हवा, आणि तोही जखमेच्या कडेचा, मधल्या सडलेल्या भागाचा नव्हे. हिरडीवर गाठ असताना हलणारा दात उपटून टाकणं ही नेहमीची चूक, त्यानं रोग कमी होत नाही आणि निदान मात्र लांबतं. ‘सुरी लागली की पसरतो’ हे खोटं आहे. भारतात बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन घ्यावं लागतं. तळोद्याच्या किंवा चोपड्याच्या मजुराला त्यासाठी शहरात राहण्याची सोय हा औषधाइतकाच मोठा खर्च.

उपचाराच्या पैशासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते आधीच पाहावं, मंजुरी तिथंच अडते. तपासणीला जाताना तंबाखूची पुडी सोबत असली तरी चालेल, फक्त किती वर्षं आणि दिवसाला किती हे खरं सांगा. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक फुकट आहे. चट्टा नसला तरी तपासणी पाच वर्षांनी पुन्हा करायची असं सरकारी वेळापत्रक सांगतं. रोज बार भरणाऱ्यानं पाच वर्षं थांबू नये, वर्षाला एकदा दाखवावं.