की क्लब, इंटरॅक्ट का एनएचएस : नववीतल्या मुलांनी नाव कुठे घालावं

सप्टेंबरात शाळा सुरू होते, थोड्याच दिवसांत क्लब फेअर, म्हणजे सगळ्या क्लबांच्या टेबलांची जत्रा, लागतो आणि मग इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर दरवर्षी तोच प्रश्न फिरायला लागतो, मुलगी नववीत गेलीये, की क्लबला नाव घालू दे, इंटरॅक्टला घालू दे, का एनएचएससाठी थांबायचं? (Key Club आणि इंटरॅक्ट हे हायस्कूलमधले समाजसेवेचे क्लब, एनएचएस म्हणजे नॅशनल ऑनर सोसायटी.) मी न्यू जर्सीत राहते, घरातली दोन्ही मुलं यातून गेलीयेत, मोठी की क्लबमधून पुढे एनएचएसमध्ये गेली आणि धाकटा इंटरॅक्टमध्ये रमला, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं म्हणजे एनएचएसला आपण होऊन नाव घालताच येत नाही. नॅशनल ऑनर सोसायटी हा शाळेने द्यायचा मान आहे, १९२१ मध्ये हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केलेला, आणि अजून त्यांच्याच नियमांनी चालतो. नववीची मुलं त्यात बसतच नाहीत, दहावी ते बारावीच, तेही त्या शाळेत निदान एक सेमिस्टर काढलेली. जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, कमीत कमी ३.० हवा असं राष्ट्रीय नियम सांगतो पण प्रत्येक शाळा ती अट वाढवू शकते आणि बऱ्याच शाळा वाढवतात, म्हणून आपल्या शाळेचा आकडा शाळेच्या वेबसाइटवर बघा, मैत्रिणीच्या शाळेचा ऐकून बसू नका.

आणि मार्क असले की झालं असंही नाही हं. मार्कांनी फक्त फॉर्म हातात पडतो, पुढे सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य बघतात, मुख्याध्यापकांनी नेमलेले पाच शिक्षक बसतात आणि मतदान करून ठरवतात. आता त्या फॉर्मवर सेवेच्या रकान्यात लिहायचं काय, जर नववी-दहावी नुसती "थांबण्यात" गेली असेल तर? आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं, मार्क एकदम झकास, गणितात तर वर्गात पहिली, पण त्या रकान्यात जेमतेम दोन ओळी. नाव आलं नाही, घरात आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण. पोरीची चूक नव्हती, तिला वेळेवर कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी कळकळीने सांगते की एनएचएससाठी थांबणं हा पर्यायच नाहीये, खरी निवड नववीत की क्लब आणि इंटरॅक्टमध्येच करायचीय.

की क्लब जुना, १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये सुरू झालेला, पाठीशी किवानिस ही मोठ्या माणसांची संस्था. तिथे मार्कांची चाळणी नसते आणि नववीपासून जाता येतं. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे सगळा कारभार पोरांच्या हातात, प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर निवडणुकीने येतात, आणि ते शाळेपुरतंच नाही, आजूबाजूच्या शाळांची मिळून डिव्हिजन असते, तिचा प्रमुख, लेफ्टनंट गव्हर्नर, तोसुद्धा शाळेत शिकणारा मुलगा किंवा मुलगीच, वर डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर तोही विद्यार्थी. सोळा-सतरा वर्षांचं पोर माइकसमोर उभं राहून इतर शाळांच्या मुलांना वर्षभराचा हिशेब देतंय हे बघितलं की आपल्यालाच भरून येतं. शिक्षक आणि किवानिसचा माणूस असतात पण सल्ल्यापुरते.

काम कसं चालतं ते सांगते. मिटिंग झाली की एक गूगल शीट फिरते, शनिवारी फूड बँक (गरजूंना अन्न देणारी संस्था), रविवारी पार्क साफ करणं, वृद्धाश्रमात बिंगो, प्रत्येकाला ठरावीक जागा, आणि चांगल्या कामांच्या जागा संध्याकाळपर्यंत भरून जातात, त्यामुळे आळस करणाऱ्याला काही मिळत नाही. मोठीबरोबर मी एकदा फूड बँकेत चॅपरोन, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला, म्हणून गेले होते, लांबच्या लांब टेबल, त्यावर लोकांनी दान केलेले खाण्याचे डबे ओतलेले, आणि मुलांनी एकेक डबा हातात घेऊन तारीख बघायची, कडेला चेपलेला असला तर बाजूला, फुगलेला असला तर थेट कचऱ्यात, लेबल नसलेला तोही बाद, मग उरलेले बीन्स वेगळे, टूना वेगळा, बाळांचं खाणं वेगळ्या खोक्यात. पहिल्या अर्ध्या तासात मस्करी चालू होती, नंतर एकाने विचारलं की लोक मुदत संपलेलं दान कशाला करतात, आणि त्यावर पोरं जी बोलायला लागली ना, कुणाला काय देऊ नये यावर, ते त्यांना कुठल्याही क्लासमध्ये शिकवता आलं नसतं. की क्लबचा गुण हाच, हात मळतात आणि दर आठवड्याला मळतात. दोष म्हणायचा तर मोठ्या शाळेत मेंबर इतके असतात की लाजरं मूल गर्दीत हरवतं, त्याला सेवेचे तास मिळतात पण ओळख मिळत नाही.

इंटरॅक्ट रोटरीचा, १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी. १९६२ मध्ये फ्लोरिडातल्या मेलबर्न हायस्कूलमध्ये पहिला निघाला आणि आता पुण्या-मुंबईच्या शाळांतही आहेत, तुमच्या भाचरांपैकी कुणीतरी असेलच त्यात. इंटरॅक्टमध्ये वर्षाला दोन प्रोजेक्ट तरी करावेच लागतात, एक शाळेसाठी किंवा गावासाठी आणि दुसरा दुसऱ्या देशांशी नातं जोडणारा. हा दुसरा प्रोजेक्ट आपल्या मुलांसाठी सोन्यासारखी संधी आहे. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत रोटरी क्लब आहेत, आजोळच्या गावात असेल तर तिथल्या एखाद्या शाळेला पाण्याची सोय किंवा लायब्ररी असं काही इथल्या मुलांनी निधी जमवून करता येतं, आणि ते सगळं रोटरीच्या ओळखीतून होत असल्याने पैसे जातात कुठे हा प्रश्न राहत नाही. पोलिओचंही तसंच. आपल्याला "दो बूंद" आठवतात, बूथवर रोटरीचे लोक उभे असायचे, २०१४ च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. २४ ऑक्टोबरला जागतिक पोलिओ दिवस असतो तेव्हा इंटरॅक्टची पोरं निधी जमवतात, त्यांना घरातल्या माणसाने ही गोष्ट सांगितली तर त्या डब्यात पैसे टाकायला लावताना त्यांच्या बोलण्यात जोर येतो, माझ्या धाकट्याच्या आला.

पण इंटरॅक्टचं सगळं पाठीमागच्या रोटरी क्लबवर आहे, ते लोक उत्साही असतील तर वक्ते येतील, कॅम्प होतील, नसतील तर वर्षातून एक बेक सेल आणि टीशर्ट. म्हणून फेअरच्या टेबलावर मुलांना एवढंच विचारायला सांगा, गेल्या महिन्यात तुम्ही काय काय केलंत? उत्तर पटकन आलं तर नाव घाला. लिओ क्लब असला, तो लायन्सचा, तर त्यालाही हीच परीक्षा.

माझं विचाराल तर सरळ सांगते, मूल बोलकं असेल, धडपडं असेल, पुढे निवडणूक लढवायची हौस असेल तर की क्लब. शांत असेल, एका गोष्टीत खोलवर शिरणारं असेल, आणि शाळेतला इंटरॅक्ट जिवंत असेल तर इंटरॅक्ट. दोन्ही घेऊन दोन्हीकडे अर्धवट हजेरी लावू नका. आणि एनएचएसचा फॉर्म आला की भरा, नक्की भरा, पण एवढं लक्षात ठेवा की आत गेल्यावरही तिथे सेवेचे तास असतातच, न केल्यास काढूनही टाकतात.

पैशाची चिंता यात नाही. एनएचएसचा चॅप्टर, म्हणजे शाळेतली शाखा, वर्षाला २० डॉलरपेक्षा जास्त वर्गणी घेऊ शकत नाही, बाकीच्या दोन्हीकडेही खर्च थोडका असतो, कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या मेळाव्याला, जायचं असेल तर मात्र हॉटेल-बसचे पैसे लागतात. एक सांभाळा, घरी सोनेरी शिक्क्याचं पत्र येतं, "तुमच्या पाल्याची निवड झाली आहे" आणि खाली फी, त्याला भुलू नका. एनएचएसची निवड शाळेतूनच कळते, असल्या टपालातून नाही.

कॉलेजचं म्हणाल तर बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच प्रवेश अर्ज असतो, त्या कॉमन अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीच्या १० जागा आणि प्रत्येकीला १५० अक्षरं, त्यात "मेंबर" एवढंच लिहून काय होणार? हार्वर्डच्या मेकिंग केअरिंग कॉमन प्रकल्पाने २०१६ मध्येच कॉलेजांना सांगितलंय की निदान वर्षभर टिकून केलेलं काम बघा, यादीची लांबी नको.

सेवेच्या तासांचं तेवढं बघा. मेरीलँडमध्ये ग्रॅज्युएट व्हायला ७५ तास सर्व्हिस लर्निंगचे, म्हणजे सेवेतून शिकण्याचे, लागतात, तिथल्या पालकांनी क्लबचं काम त्यात धरतात का ते आधी विचारावं. रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवणं, मंडळाच्या गणपतीत पंगत वाढणं हेही बऱ्याच ठिकाणी धरतात, पण अ‍ॅडव्हायझरला आधी ईमेल करून होकार घ्या आणि त्याच दिवशी मराठी शाळेच्या किंवा मंडळाच्या माणसाची फॉर्मवर सही घ्या, मे महिन्यात सह्या गोळा करत फिरायला लागलात तर निम्मे तास हातचे जातात.