जुन्या वाड्याच्या मोजणीसाठी लायका डिस्टो डी२

वारसा यादीतल्या वाड्याच्या बांधकामाचा इतिहास नोंदवायचा तर सुरुवात मोजणीपासून होते. खोल्यांच्या आतल्या मापांसाठी आता दोन माणसांनी टेप ताणून धरायची गरज नाही, हे या छोट्या लेझर मीटरचं मोठं काम. पल्ला १०० मीटर, अचूकता ±१.५ मिलिमीटर. १:५० च्या नकाशात एवढा फरक पेन्सिलच्या रेषेतच बुडून जातो.

खरी उपयोगाची आहे ती मागे उघडणारी छोटी पट्टी. वाड्याचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे नुसत्या चार बाजू मोजून खोली कागदावर बसत नाही. दोन्ही कर्ण हवेतच. पट्टी उघडून कोपऱ्यात टेकवली की यंत्र स्वतःच तिच्या टोकापासून माप धरतं.

चौकात मात्र उन्हात लाल ठिपका दिसेनासा होतो. चौक सकाळी लवकर मोजावा आणि समोर पांढरा पुठ्ठा धरावा. तेल पिऊन काळ्या झालेल्या गुळगुळीत सागवानी खांबावर किरण तिरका पडला तरी तोच पुठ्ठा कामी येतो.

उंचीच्या बाबतीत जपून. यात कल मोजणारा सेन्सर नाही. पायथागोरसवरून उंची काढायची सोय आहे, पण सगळी मापं एकाच बिंदूवरून घ्यावी लागतात आणि आडवा किरण जरा कलला की उत्तर चुकतं. शिवाय वाड्याची जमीन खचलेली असते, म्हणून जमिनीपासूनची उंची खोलीगणिक बदलते. पाण्याच्या नळीने साधारण १ मीटरवर एकच समपातळी रेषा घरभर फिरवावी आणि तिच्यापासून वर-खाली मोजावं.

महिरप आणि खांबावरची कोरीव केळफुलं या यंत्राच्या आवाक्याबाहेर. भिंतीची जाडीही बाहेरच्या मापातून आतलं वजा करून काढू नये, सगळ्या मापांतल्या चुका तिच्यात जमा होतात. दाराच्या चौकटीपाशी स्टीलच्या टेपने थेट घ्यावी, गिलावा वेगळा नोंदवावा. हे माप फार मोलाचं आहे. सलग दिसणाऱ्या भिंतीत जाडी मध्येच बदलली आणि तिथेच विटांच्या थरांना छेदणारा सरळ उभा सांधा दिसला, तर बहुधा दोन वेगळ्या काळांतलं बांधकाम तिथे जोडलेलं असतं. तुळईत कशालाच न जुळणाऱ्या रिकाम्या खाचा असतील तर ते लाकूड आधी दुसरीकडे वापरलेलं असण्याची शक्यता मोठी. म्हणून संगणकावर भिंती सरळ करून टाकू नयेत. वरच्या टोकाला ४० मिलिमीटर बाहेर झुकलेली भिंत ओळंब्याने तपासून तशीच काढावी. सरळ केलेल्या नकाशातून पुढच्या अभ्यासकाला काहीच कळणार नाही.

स्मृतीत शेवटची १० मापंच राहतात. ब्लूटूथने फोनवर पाठवता येतात, तरी प्रत्येक माप हातच्या कच्च्या आराखड्यावर लगेच लिहावं. नुसत्या आकड्यांच्या यादीवरून कुठला कोनाडा कुठला हे नंतर लागत नाही. एक-दोन चौकांच्या वाड्याला हे मॉडेल पुरतं. दर्शनी बाजू उंच असेल आणि समोर परांची बांधता येणार नसेल, तर कल मोजणारं वरचं मॉडेल घ्यावं.