पांढरा रंग वापरायचा की कागद राखायचा?

जलरंगाची नवी पेटी आणली की तिच्यात बहुतेकदा एक ट्यूब पांढऱ्याची आणि एक काळ्याची असतेच. जलरंगाच्या वर्गात मात्र सुरुवातीलाच बजावतात की या दोन ट्यूबना हात लावायचा नाही. पांढरं हवं असेल तिथे कागद कोरा राखा, काळं हवं असेल तिथे दोन रंग मिसळून गडद छटा करा. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला हे जरा जास्तच खटकतं, कारण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आपण पोस्टर कलरच्या बाटलीतला पांढरा सढळ हाताने मिसळलेला असतो. तिथे जे चालत होतं ते इथे गुन्हा कसं काय ठरतं?

शाळेनंतर बऱ्याच वर्षांनी ब्रश हातात घेणाऱ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. पांढऱ्याला फाटा देऊन पारदर्शक जलरंग शिकायचे, की पांढरा मोकळेपणाने वापरून अपारदर्शक, म्हणजे गौश किंवा पोस्टर कलरमध्ये काम करायचं? माझं मत आधीच सांगते. पांढरा न वापरण्याचा नियम खरा आहे, त्यामागे पक्कं कारण आहे, पण तो एका विशिष्ट प्रकारच्या चित्राचा नियम आहे. पाण्यात कालवलेल्या प्रत्येक रंगाला तो लावणं चूक आहे, आणि ते कारण न सांगता तो विद्यार्थ्यावर लादणं त्याहून चूक.

नियम किती जुना?

‘परंपरा’ हा शब्द इथे फार सैल वापरला जातो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1502 मध्ये रंगवलेला ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. जलरंगातलं इतकं नावाजलेलं काम क्वचितच सापडेल, आणि त्यात पारदर्शक रंगाच्या जोडीला अपारदर्शक रंगही आहे. अंगावरच्या केसांचे बारीक उजळ फटकारे गडद थरावर नंतर मारलेले आहेत. टर्नर हा इंग्लिश जलरंगाचा मेरुमणी, पण त्यानेही निळसर कागदावर अपारदर्शक रंग वापरून कितीतरी चित्रं केली. विन्सर अँड न्यूटन कंपनीने 1834 मध्ये ‘चायनीज व्हाइट’ हा झिंकचा पांढरा बाजारात आणला तो खास जलरंगासाठी. जलरंगवाल्यांना पांढरा नकोच असता, तर तो कोणासाठी बनवला?

आपल्याकडे तर चित्र उलटंच आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर पांढराही आहे आणि काजळीचा काळाही. राजस्थानी, पहाडी लघुचित्रं डिंकात कालवलेल्या अपारदर्शक रंगांची. त्यात सफेदा हा हक्काचा रंग होता आणि मोत्यांच्या माळा त्याचेच ठिपके देऊन उठवल्या जात. आणि डहाणू-तलासरीकडच्या वारली भिंती पाहा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, आणि दुसरा रंगच नाही. 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि इंग्लिश पद्धतीचं कलाशिक्षण इथे रुजलं, त्याबरोबर पारदर्शक जलरंगाची शिस्तही आली. ती आपण मनापासून आत्मसात केली, त्यात उत्तम चित्रकार घडले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पांढरा वापरला की परंपरा मोडते असं कोणी म्हणालं, तर कोणती परंपरा हे विचारायला हरकत नाही.

पारदर्शक: कागद राखण्यात मिळतं काय

कारण प्रकाशाचं आहे. पारदर्शक रंगाचा थर पातळ असतो. उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगातून पुन्हा गाळून बाहेर येतो. म्हणून चांगला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग पसरलेला थर, आतून उजळल्यासारखा दिसतो. त्यात पांढरा मिसळला की त्याचे कण उजेड वरच्यावरच विखुरतात, तो कागदापर्यंत पोचतच नाही. रंग पिठूळ दिसतो. हे नुसतं आवडीनिवडीचं नाही, डोळ्याला सरळ दिसणारा फरक आहे.

या पद्धतीने काय साधता येतं हे पाहायचं असेल, तर सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. सावंतवाडीकडच्या या चित्रकाराने 1945-46 च्या सुमारास केलेलं हे जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात समई घेतलेली मुलगी, ज्योतीवर आडवा धरलेला हात, आणि त्या बोटांमधून पाझरणारा तांबूस उजेड. छापील प्रतीतसुद्धा नजर त्या बोटांवरच खिळते.

पण ही किमया महाग पडते. मेणवलीचा घाट घ्या. वाईला लँडस्केपला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे कधी ना कधी बसतो. उन्हात उजळलेल्या पायऱ्या, देवळाचं शिखर, त्यामागे झाडांचा काळपट हिरवा गर्द पसारा, खाली कृष्णेत सगळ्याचं प्रतिबिंब. पारदर्शक रंगात शिखर रंगवायचं म्हणजे प्रत्यक्षात मागची झाडं रंगवायची. शिखराच्या कडेकडेने हिरवा भरत न्यायचा, कळसाच्या टोकाशी ब्रश वळवायचा, आणि आतला कागद तसाच सोडायचा. झाडांचा वॉश ओला असतानाच तो पुरा व्हायला हवा, नाहीतर मध्येच वाळलेली कड दिसते. एकदा गडद रंग शिखरात घुसला की परत पांढरं मिळत नाही. ओल्या ब्रशने रंग उचलता येतो, पण ते कोणता रंग आहे यावर अवलंबून आहे. अल्ट्रामरीन निळा बऱ्यापैकी निघतो, थॅलो निळा कागदात मुरून बसतो. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद तात्पुरता झाकून ठेवणारं द्रव, लावता येतं, मेणबत्ती घासता येते, वाळल्यावर ब्लेडने खरवडता येतं. पण खरी मेहनत ब्रश टेकवण्याआधीची असते. सगळ्यात उजळ जागा कोणत्या, हे आधीच ठरवून बसावं लागतं.

मला या नियमाचं खरं मोल इथे वाटतं. तो नजरेला वळण लावतो. पांढरा हाताशी नसला की माणूस आधी उजेड शोधतो, मग रंग.

खर्चाचं म्हणाल तर तो कागदात आहे. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) पूर्ण कॉटनचा कागद पाणी झेलतो, फुगत नाही, वॉश सरळ पसरतो. साध्या कार्ट्रिज पेपरवर हीच कृती केली तर कागदाला लाटा येतात, रंग खड्ड्यात साचतो, आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. कॉटन कागद परवडत नसेल, तर पारदर्शक जलरंगाचा निम्मा आनंद हुकतो. विकत घेण्याआधी हे सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

अपारदर्शक: मोकळीक आणि तिचे त्रास

तोच घाट गौशमध्ये करताना क्रम उलटतो. आधी मध्यम छटा सगळीकडे घालायच्या, मग गडद, आणि उजेड सर्वांत शेवटी. झाडं बेधडक रंगवा, शिखर त्यांच्यावर चढवा. पायरीची उन्हातली कड शेवटी एका फटकाऱ्यात येते. मध्येच ऊन सरकलं, कोणी बाई धुणं घेऊन पायरीवर येऊन बसली, तर तेही चित्रात येऊ शकतं. पारदर्शकमध्ये त्या बाईसाठी कोरी जागा आधीच राखलेली असावी लागते.

हे ऐकून वाटतं की हे सोपं आहे. तसं नाही. पहिला त्रास वाळण्याचा. गौशमध्ये साधारणपणे गडद रंग वाळल्यावर थोडा फिका होतो आणि फिका रंग थोडा गडद, त्यामुळे जुळवलेली छटा वाळल्यावर भलतीच दिसते. बाजूला त्याच कागदाच्या तुकड्यावर ठिपका वाळवून पाहायची सवय लावावीच लागते. दुसरा त्रास, खालचा थर पुन्हा ओला होण्याचा. डिंक पाण्यात विरघळतोच, त्यामुळे वरून पातळ रंग फिरवत बसलं की खालचा हिरवा वर येतो आणि शिखर मळतं. रंग घट्ट साईसारखा घ्यायचा, एकदा टेकवायचा, हात उचलायचा. खूप जाड थर दिला तर तो वाळल्यावर तडकतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

तिसरा त्रास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पांढरा रंगाला नुसता उजळ करत नाही, थंडही करतो. लाल गुलाबी होतो, पिवळा फिकुटतो. म्हणून उन्हाच्या जागी नुसता पांढरा दिला की ऊन न दिसता चुना दिसतो. घाटाच्या दगडावरचं सकाळचं ऊन हवं असेल, तर पांढऱ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा), कधी अगदी कणभर नारिंगी घालावा लागतो. ‘पांढऱ्याने चित्र मरतं’ असं जुने शिक्षक म्हणतात त्यात एवढं तथ्य नक्की आहे. फक्त इलाज पांढरा बंद करण्यात नाही, तो कशात मिसळायचा हे शिकण्यात आहे.

मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले के. एच. आरा या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. ग्रुप 1947 चा. आरांनी जलरंग आणि गौश तैलरंगाच्या थाटात, जाडसर लावले. त्यांच्या फुलदाण्यांमध्ये पारदर्शक वॉशचा नितळपणा शोधायला गेलात तर निराश व्हाल. तिथे फुलांना वजन आहे, आणि ते वॉशने आलं नसतं.

पोस्टर कलर आणि आर्टिस्ट दर्जाचा गौश यांत मात्र फरक करा. पोस्टर कलर स्वस्त आहे, सरावाला झकास आहे, पण त्यातल्या काही छटा, विशेषतः भडक गुलाबी, उजेडात लवकर उडतात. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर ट्यूबवर टिकाऊपणाची खूण पाहून रंग घ्या. पारदर्शक रंगांतही हे आहेच. अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा नावाजलेला रंग, पण मूळ अ‍ॅलिझरिन उजेडात फिका पडतो.

काळ्याचं काय?

काळ्यावरची बंदी मला पांढऱ्यावरच्या बंदीपेक्षा कच्ची वाटते. तिच्या मागे सहसा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचा दाखला देतात. मोनेच्या 1877 च्या पॅरिसमधल्या गार सँ-लाझार रेल्वे स्टेशनच्या चित्रात गडद भाग बहुतांशी निळे, हिरवे, लाल रंग मिसळून केलेले आहेत, हे खरं. पण त्याच काळात माने काळा रंग रुबाबात वापरत होता, आणि स्वीडनचा आंदर्स झॉर्न यलो ऑकर, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा एवढ्या चार रंगांवर व्यक्तिचित्रं उभी करण्यासाठी ओळखला जातो. त्याच्या पॅलेटवर काळा निळ्याचं काम करतो.

घरी करून पाहा. लेमन यलोमध्ये थोडा काळा मिसळा. जुन्या आंब्याच्या पानाचा हिरवा समोर येतो, पेटीतल्या तयार हिरव्यापेक्षा कितीतरी खरा. सावलीत मात्र काळा टाळलेलाच बरा, कारण एकटा काळा सावलीतला निळसर-जांभळा जीव घालवतो. तिथे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा, एक जास्त घेतला की सावली थंड, दुसरा जास्त घेतला की उबदार. आणि काळ्याला नाही म्हणून पेन्स ग्रे हा निळसर करडा वापरणार असाल, तर ट्यूबची मागची बाजू वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या पेन्स ग्रेमध्ये काळं रंगद्रव्य असतंच.

तुम्ही काय निवडाल

कोकणातला पाऊस, धुकं, खाडीचं पाणी, ढग, लांबवर विरत जाणारे डोंगर हे ज्यांना रंगवायचं आहे, त्यांनी पारदर्शकच घ्यावा आणि पहिले काही महिने पांढऱ्याला खरोखर हात लावू नये. या विषयांत कागदाचा उजेड हेच अर्धं चित्र असतं, आणि पांढऱ्याची सवय लागली की ते कधी हाती येत नाही.

ज्यांची नजर काळोखातल्या उजेडाकडे जाते, म्हणजे दिवाळीतले कंदील, मंडईतले बल्ब, जरीचे काठ, शेवंतीचे ढीग, त्यांनी थेट गौशपासून सुरुवात करावी. आधी पारदर्शक ‘पास’ झालंच पाहिजे असं काही नाही. रोज रात्री जेमतेम अर्धा तास मिळणाऱ्यांनाही मी गौशच सुचवेन, कारण चित्र मध्येच सोडून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येतं. वॉश तुमच्यासाठी थांबत नाही.

दोन्ही एकत्र वापरणं हा तिसरा मार्ग, आणि अनुभवी हातांत तो बरेचदा दिसतो. सगळं चित्र पारदर्शक, आणि शेवटी विजेच्या तारा, होडीचा दोर, पावसाच्या दोन रेघा पांढऱ्याने. यात कसलीही लबाडी नाही. मात्र वॉशच्या मध्यभागी पांढऱ्याचा मोठा डाग टाकलात तर तो वेगळाच उठून दिसतो, म्हणून असा पांढरा कमी आणि बारीकच ठेवा. स्पर्धेला चित्र पाठवत असाल तर अटी नीट वाचा, कारण काही ठिकाणी फक्त पारदर्शक रंगच ग्राह्य धरतात. वर्गात जात असाल तर वर्ग संपेपर्यंत तिथली शिस्त पाळा, पण पांढरा का नको, हे शिक्षकांना विचारा. चांगले शिक्षक रागावत नाहीत, करून दाखवतात.

आणि पांढरा विकत घ्यायचं ठरलंच, तर दुकानात ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटेनियम. तो झाकतो, गडद हिरव्यावर शिखर उभं करायला हाच लागतो. पीडब्ल्यू 4 म्हणजे झिंक, चायनीज व्हाइट म्हणून मिळतो तो बहुधा हाच. याची झाकण्याची ताकद कमी असते, त्यामुळे कंदिलाच्या ठिपक्यांसाठी तो घेतलात तर दोन-तीनदा द्यावा लागेल, पण वाळलेल्या डोंगरावर पातळ फिरवून धुकं आणायला तोच बरा.