जाळी काढू न देणाऱ्याकडून स्पीकर घेऊ नका : माझे १,१८,००० रुपये कसे गेले

पुण्यात वापरलेले हाय-फाय स्पीकर विकत घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावे, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे. गेल्या फेब्रुवारीत वाकडमधील एका सदनिकेत, डोळ्यांदेखत वाजवून दाखवलेली टॉवर स्पीकरची जोडी मी १,१८,००० रुपयांना घेतली. घरी आली ती एका नामांकित ब्रिटिश कंपनीची फक्त बाहेरची खोकी. आत बसवलेले वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारे भाग, बाजारात काही शेकड्यांत मिळणारे होते.

माझ्याकडे सोनोडाइनचे जुने बुकशेल्फ स्पीकर होते. त्यांवर मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताई ऐकण्यात अनेक वर्षे समाधानात गेली, परंतु डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज त्यांतून जसा यावा तसा येत नाही, ही रुखरुख होती. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ही एक हौस पुरी करावी, यात वावगे काही नव्हते. नवी जोडी तीन लाखांच्या पुढे जात होती, म्हणून वापरलेली शोधली. ऑनलाइन जाहिरातीत १,३५,००० रुपये किंमत होती, सोबत मूळ बिलाचा फोटो होता आणि ‘बदली झाल्यामुळे विकणे आहे’ असे कारण होते. पुढचा साचा सर्वांना माहीतच आहे : आणखी दोन गिऱ्हाईके येऊन गेल्याचे सांगणे, टोकन म्हणून लगेच १०,००० रुपये मागणे, आणि उरलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रोख हवी असा आग्रह धरणे. मी ५०,००० रुपये यूपीआयने आणि ५८,००० रुपये रोख दिले.

त्या खोलीत आवाज खरोखरच सुंदर येत होता आणि मला सर्वांत जास्त जाळते ते हेच. झाकीरभाईंचा तबला लावला, तेव्हा मी बसलो होतो तो दिवाणसुद्धा थरथरला. मी उठून स्पीकरच्या मागच्या बाजूला, हवा बाहेर पडते त्या पोर्टवर तळहात धरला, तर हाताला काहीच लागले नाही. खर्ज एवढा घुमत असताना पोर्टमधून वाऱ्याचा झोत यायलाच हवा. अँप्लिफायरच्या मागून एक काळी वायर गालिच्याखालून दिवाणाकडे गेलेली मला दिसली आणि मी विचारलेसुद्धा. ‘काका, ती टीव्हीची आहे,’ असे उत्तर आले. पुढची जाळी काढायला गेलो, तर विकणाऱ्या तरुणाने माझा हात धरला : ‘काका, राहू द्या, खुंट्या जुन्या आहेत, तुटतील.’ दिवाणाखाली सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, ठेवलेला होता, हे आज मला स्वच्छ दिसते. परंतु एक सभ्य, सुशिक्षित तरुण स्वतःच्या घरात बसवून चहा देत असताना, दिवाणाखाली वाकून कोण पाहील? ज्याला हे बावळटपणाचे वाटते, त्याने स्वतःला त्या खोलीत बसवून पाहावे.

टेम्पोचे २,८०० रुपये देऊन जोडी घरी आणली. मधल्या पट्टीतला आवाज कुबट आणि खर्जाचा पत्ताच नाही. खोली लहान आहे, जागा बदलून पाहा, असे तो फोनवर दोन दिवस सांगत राहिला, आणि मग त्याचा फोन बंद झाला. अर्ध्या तासात माझा अँप्लिफायर हात लावू नये इतका तापू लागला, तेव्हा तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराला १,५०० रुपये देऊन घरी बोलावले. त्याने जाळी काढताच वूफरच्या स्क्रूंकडे बोट दाखवले : चार स्क्रूंपैकी दोन निराळे, आणि चारही डोकी पेचकसाने खरवडलेली. आतून ओतीव चौकटीऐवजी पत्र्याची चौकट आणि खालचे लेबल घासून काढलेले छोटे चुंबक निघाले. खर्ज आणि उंच स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरची कॉइल गायब होती, उंच स्वर काढणाऱ्या ट्वीटरला फक्त एक कपॅसिटर लावलेला होता, आणि वायरी पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मल्टिमीटरने टर्मिनलवर विद्युतरोध मोजला, तर ३.४ ओहम भरला; आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहाच्या आसपास यायला हवेत. शंभर-दोनशे रुपयांचे मल्टिमीटर खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी दोन्ही स्पीकर मोजा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. वर तो कारागीर म्हणाला की अशाच रीतीने पोखरलेली जोडी त्याने याआधीही पाहिली आहे.

यापुढचा मनस्ताप त्या भामट्याने दिलेल्या मनस्तापाहून मोठा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितले की वस्तू प्रत्यक्ष पाहून घेतली, म्हणून ही सायबर फसवणूक नव्हे. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्हीच मंजूर केला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर उत्तर मिळाले की विकणारा व्यापारी नसेल तर ग्राहक कायदा लागू होत नाही. एकामागून एक जोड्या पोखरून विकणारा माणूस व्यापारी नाही, तर कोण आहे? पोलीस ठाण्यात तासभर बाकावर बसवल्यावर ‘साहेब, हा दिवाणी मामला आहे’ हे एकच वाक्य ऐकवले, तेथून सायबर कक्षाकडे पाठवले आणि त्यांनी पुन्हा ठाण्याकडे धाडले. खोटे बिल, लपवलेला सबवूफर आणि बदललेले वूफर यांच्या जोरावर पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पूर्वी यालाच आपण चारशे वीस म्हणत होतो. तरीही ठाण्यात माझ्याकडून फक्त साधा अर्ज घेतला, आणि त्याची पोच मागितली तेव्हा ‘विश्वास नाही का?’ असे मलाच विचारले. ज्याला विचारायचे, तो मात्र मोकळा फिरतो आहे.

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, आणि तेथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी वरिष्ठांकडे टपालाने तक्रार पाठवली आहे आणि न्यायालयात जाण्याचीही तयारी ठेवली आहे. रोख रकमेची सही घेतल्याशिवाय एक नोटही देऊ नका. माझ्या ५८,००० रुपयांचा पुरावा म्हणून आज फक्त बँकेतून पैसे काढल्याची नोंद आहे. बिलावरचा अनुक्रमांक आणि खोक्यामागचा अनुक्रमांक जुळवा, आणि तो कंपनीच्या अधिकृत वितरकाला कळवून खात्री करून घ्या. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी अशी जोडी घेतली असेल, तर रागाच्या भरात ती दुरुस्त करून घेऊ नका आणि विकूनही टाकू नका. स्क्रू, वायरी आणि घासलेले चुंबक आहेत तसेच ठेवा, फोटो काढा, कारागिराकडून लेखी अहवाल घ्या आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या, कारण एकट्याच्या अर्जाला दिवाणी म्हणून फेटाळणे सोपे जाते.