मल्टिमीटर घ्यावा की ओबीडी स्कॅनर?

सकाळी चावी फिरवली आणि नुसती 'टक टक' झाली, तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) फारसा कामाचा नाही. तिथे व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर हवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर चार्ज पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण निम्मा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ हवेत. तेवढे मिळत नसतील तर नवी बॅटरी आणून पैसे घालवू नका, अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा पट्टा बघा. (त्याआधी टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करा. कित्येकदा दुखणं तेवढंच असतं.)

चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी धक्के खाऊ लागली, की पारडं फिरतं. स्कॅनर पी०३०१ हा कोड दाखवतो, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. कारण मात्र आपणच शोधायचं. प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर इंजिन बंद करून पहिली आणि दुसरी अदलाबदल करा, कोड पुसा, चक्कर मारा. आता पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा कोड, आला तर कॉइलच गेली. पी०३०१ कायम राहिला तर प्लग काढून बघा.

भारतात ओबीडी-२, म्हणजे असे कोड नोंदवणारी गाडीतली यंत्रणा, एप्रिल २०१३ पासून आली, त्यामुळे जुन्या गाडीत स्कॅनर चालेलच असं नाही. एकच घ्यायचं तर मी मल्टिमीटर घेईन. तो घरातला मिक्सरही तपासतो.