ओठावरच्या रक्तगाठीसाठी इंजेक्शन : दादरच्या एका क्लिनिकचा अनुभव

नातीच्या वरच्या ओठावर हिमँजिओमा होता, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. जन्मल्यानंतर काही दिवसांनी फिकट लाल ठिपका दिसला आणि तिसऱ्या महिन्यात तो करवंदाएवढा फुगला. लालबागला आमच्या चाळीत ज्याने त्याने सूनबाईला विचारलं, "ग्रहण पाळलं नव्हतं का गं?" पोर आधीच रडवेली. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये अशा गाठी जास्त दिसतात, इतकंच.

जवळच्या एका डॉक्टरांनी "आपोआप जिरेल, थांबा" म्हणून परत पाठवलं. बहुतेक गाठींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण गाठ ओठावर होती, तिला चीर पडली होती आणि बाळ दूध ओढताना कळवळायचं. दादरच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत हा फरक नीट समजावला. पाठीवरची, मांडीवरची छोटी गाठ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर असेल किंवा जखम होत असेल तर वाट बघायची नाही, कारण सगळ्यात जोराची वाढ पहिल्या पाच महिन्यांतच होते. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असल्या तर यकृताची सोनोग्राफीही करतात. आमच्याकडे एकच होती, तरी तिला उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं.

आता या गाठींवर पहिलं औषध प्रोप्रॅनोलॉल. मुळात हृदयाचं औषध. त्याने गाठ ओसरते हे फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि 2008 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेच देऊ असं बाईही म्हणाल्या होत्या. पण नातीची छाती वाजते, दोनदा नेब्युलायझर लावावा लागला होता, आणि त्या औषधाने श्वासनलिका आवळू शकतात. म्हणून गाठीतच स्टेरॉइड द्यायचं ठरलं. 'स्टेरॉइड' ऐकून माझा मुलगा उठूनच उभा राहिला. त्याला बसवून बाईंनी कागदावर लिहून दिलं : औषध ट्रायअमसिनोलोन, मात्रा बाळाच्या वजनावर, दोन इंजेक्शनांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर. त्याच कागदावर धोकेही होते. त्वचा पातळ पडू शकते, खळगा पडू शकतो, पांढरा डाग राहू शकतो, रक्त येऊ शकतं. पापणीच्या गाठीत असं इंजेक्शन त्या स्वतः देत नाहीत, औषधाचे कण डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेले तर नजर जाऊ शकते, हेही न विचारता सांगितलं. माझा विश्वास बसला तो तिथे.

प्रत्येक वेळी आधी वजन, मग पट्टी धरून फोटो. बधिर करणारं मलम लावून सिस्टरने पोरीला दुपट्यात घट्ट गुंडाळलं. सुई अगदी बारीक, औषध सावकाश, नंतर बराच वेळ गॉज दाबून धरला. रडली खूप; बघवत नाही, खरं सांगते. आईने पदराखाली घेतल्यावर शांत झाली. संध्याकाळी ओठ थोडा सुजला, दुसऱ्या दिवशी उतरला. दुसऱ्या इंजेक्शननंतर गाठ मऊ लागायला लागली आणि मधोमध करडी पडली. चीर भरून आली. आता ती पोटभर पिते. ओठाची कातडी किंचित सैल राहिली आहे. शाळेत जायच्या आधी छोटी शस्त्रक्रिया लागू शकेल, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं.

उणिवाही सांगते. वेळ घेऊनही फार ताटकळावं लागतं. जिना चढायचा आहे, लिफ्ट नाही. एसी अंगावर येतो. आणि लहान बाळांच्या दवाखान्यात पाजायला आडोसा नसावा, हे मला अजिबात पटलेलं नाही. मी तिथे तसं बोललेही. पडदा लावतो म्हणाले, अजून लावलेला नाही.

जाणार असाल तर गाठीचे तारखेवार फोटो मोबाईलमध्ये ठेवा, लसीकरणाचं कार्ड घ्या, बाळाची छाती भरत असेल तर ते आधी सांगा. इंजेक्शनच्या दिवशी किती वाजेपर्यंत पाजायचं हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांनी दुपारची वेळ मागा, म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये बाळ घेऊन चढावं लागणार नाही.