विचर ३: कित्येक महिने खेळल्यावर, खास साइड क्वेस्टबद्दल

सीडी प्रॉजेक्ट रेडचा हा गेम २०१५ चा. ग्राफिक्स, कॉम्बॅट, गाणी यांवर लिहायचं ते लोकांनी केव्हाच लिहून ठेवलंय. मी डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतरची आवृत्ती कन्सोलवर खेळतेय, दोन्ही डीएलसींसकट. मेन स्टोरी संपून बराच काळ झाला तरी गेम डिलीट करवत नाही, आणि त्याचं कारण साइड क्वेस्ट. म्हणून हा रिव्ह्यू त्यांच्यापुरताच. स्पॉयलर आहेत, आधीच सांगते.

बहुतेक ओपन वर्ल्ड गेम्समध्ये जग बुडायला आलेलं असतं आणि आपण कुणाची तरी हरवलेली वस्तू शोधत फिरत असतो. ते खटकतं. इथे गेराल्ट हा मुळात पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस आहे. सिरीचा शोध चालू असला तरी गावातल्या नोटीस बोर्डवरचं काम घेणं हाच त्याचा धंदा. त्यामुळे वाट सोडून भलतीकडे वळलं तरी आपण नायकाच्या स्वभावाविरुद्ध वागतोय असं वाटत नाही.

काम घेण्याची रीतही फार विचारपूर्वक बांधलीये. आधी ज्याचं काम त्याला गाठायचं, मग पैशांवरून घासाघीस. जास्त ताणलं तर समोरचा वैतागतो. मग साक्षीदारांशी बोलायचं, जागा तपासायची, खुणांवरून प्राणी कोणता ते ओळखायचं, त्याला लागू पडणारं तेल तलवारीला लावायचं आणि शेवटी लढायचं. लढाई सगळ्यात छोटी. मला जास्त मजा येते ती लढाईच्या आधीच्या भागात.

उदाहरण द्यायचं तर वेलनमधल्या ब्लॅकबो गावातली 'वाइल्ड अ‍ॅट हार्ट'. नीलन नावाच्या शिकाऱ्याची बायको हॅना बेपत्ता आहे. शोधून द्या म्हणतो. त्याच्याशी बोलून बाहेर पडलात की मेव्हणी मार्ग्रिट गाठते आणि पैसे देऊ करते, शोधू नका म्हणून. इथेच माझं डोकं भणभणायला लागलं. जंगलात हॅनाचं प्रेत सापडतं, त्यावर पंजांच्या खुणा. माग काढत गेलं की लांडगामाणसाचा अड्डा लागतो, रात्र होईपर्यंत थांबावं लागतं, आणि जो येतो तो स्वतः नीलन. लढाईच्या मध्येच मार्ग्रिट धावत येते आणि कबूल करते: तिचं त्याच्यावर प्रेम होतं. त्याचं ते रूप पाहून हॅना घाबरून निघून जाईल या आशेने तीच बहिणीला तिथे घेऊन आली होती. आता तिला त्याच्या तावडीत सोडायचं की वाचवायचं, हे तुम्ही ठरवायचं.

या निर्णयाचा मेन स्टोरीवर कसलाही परिणाम नाही. शेवट बदलत नाही, पुढे कुणी त्याची आठवणही काढत नाही. आणि मला वाटतं, म्हणूनच तो इतका जड जातो. मेन स्टोरीतल्या प्रत्येक निवडीच्या वेळी मी मनात हिशेब करते, याचं पुढे काय होईल, कुठला शेवट मिळेल. इथे हिशेब करायला काहीच नाही. उरतं ते एवढंच की मला काय योग्य वाटतं. शिवाय इथे यायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. बोर्डवरचा कागद मी स्वतः उचलला होता.

सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्डमध्येच गेम ही सवय लावतो. विलिस या बुटक्या लोहाराची भट्टी कुणीतरी जाळलीये. जाळणारा नॅप पटकन सापडतो, लाच देऊ करतो. मी त्याला लोहारासमोर उभं केलं. नील्फगार्डच्या सैनिकांनी त्याला फासावर चढवलं आणि मला लोहाराकडे सूट मिळाली. त्या सुटीत घेतलेली तलवार मी नंतर फार दिवस वापरली नाही.

सगळ्याच क्वेस्ट अशा जड नाहीत, हेही चांगलं. एका म्हातारीला फक्त तिचा तवा परत हवा असतो. बंद घराचं दार फोडून आत गेलं तर प्रेत, आणि तवा लख्ख. कुणीतरी काजळी खरवडून तिची शाई केलेली. दोन-चार मिनिटांचं काम, पण लिहिणाऱ्याने त्यातही डोकं घातलंय.

तुलना केल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या स्कायरिममध्ये रेडियंट क्वेस्ट आहेत, गेम आपोआप बनवतो आणि त्या कधी संपतच नाहीत. तिथे मी कंटाळले. उलट २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये हडसन नावाचा माणूस ओसाड जागी गाव वसवतो. त्याला लाकडं आणून द्यायची, आणि जगभर फिरून ज्यांच्या नावाच्या शेवटी 'सन' येतं अशी माणसं शोधून पाठवायची. कागदावर ही निव्वळ हमाली आहे. पण दर खेपेला परतलं की तिथे नवीन घर आणि नवीन माणूस दिसतो, तेव्हा पुढची लाकडं तोडायला हुरूप येतो.

विचरच्या तक्रारी आहेतच. विचर सेन्स हे प्रकरण फार होतं: बटण दाबा, लाल दिसेल त्याच्या मागे जा, परत दाबा. बऱ्याच तपासांत डोकं आपलं नाही, बटणाचंच चालतं. दुसरं, आपली लेव्हल क्वेस्टच्या बरीच वर गेली की ती करडी पडते आणि एक्सपी नावापुरता उरतो. सगळं उरकून पुढे जाणाऱ्यांना हे फार लागतं. आणि स्केलिगेच्या समुद्रातली ती प्रश्नचिन्हं! होडी हाका, पाण्यातली पिंपं उचला, पुढे चला. त्यात ना माणूस ना गोष्ट. २०२२ च्या अपडेटनंतर मॅपच्या मूळ फिल्टरमध्ये ही चिन्हं लपवलेली असतात, तशीच राहू द्या. चिन्हांच्या मागे न लागता रोचवर बसून फिरलात तर गावं आपोआप सापडतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एक सूचना. आइल ऑफ मिस्ट्सला जाण्याआधी गेम इशारा देतो, तो घाईत स्किप करू नका. त्यानंतर बऱ्याच अर्धवट क्वेस्ट फेल होतात. वेगळी सेव्ह फाइल ठेवा, नॉव्हिग्राड आणि स्केलिगेमधली राहिलेली कामं आधी आटोपा, विशेषतः केरिस आणि हिमची 'पझेशन'. ती चुकवू नका.